कोकणातल्या गावची इस्रायल आळी: तिचा इतिहास कसा शोधावा आणि कसा लिहावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. रायगड जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात ‘इस्रायल आळी’ आहे, पण आळीत आता एकही ज्यू घर उरलेले नाही. कुलूपबंद सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनालय) आहे आणि गावाबाहेर झुडपांत गेलेली दफनभूमी आहे. गावाचा इतिहास लिहायला घेतला तर या समाजाबद्दल एका परिच्छेदापलीकडे काही हाती लागत नाही. सुरुवात कुठून करावी, कशावर भरवसा ठेवावा?

सुरुवात फुटलेल्या गलबतापासून करू नका. तो एक परिच्छेद बहुधा त्याच कथेचा असतो: अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरले आणि वाचलेल्यांचा वंश कोकणात वाढला. ही परंपरा बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक ज्यूंच्या, समाजाने मनोभावे जपलेली आहे आणि ती तुमच्या लेखनात आली पाहिजे. पण ती ‘परंपरा’ म्हणूनच यावी. इ. स. पूर्व १७५ हे वर्ष प्रामुख्याने हाईम सॅम्युएल किहिमकर यांच्या मांडणीतून आले. त्यांनी समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पूर्ण केला, तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवला. पुढच्या बहुतेकांनी तिथूनच उचलले. चित्पावनांच्या उत्पत्तिकथेत समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेते आहेत, इथे वाचलेली चौदा माणसे. हे साम्य अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेले नाही. इतक्या जुन्या काळाचा शिलालेख किंवा नाणे असा थेट पुरावा कोकणात सापडलेला नाही. १२०० च्या सुमारास मायमोनिदीस या ज्यू धर्मपंडिताच्या पत्रात हिंदुस्थानातल्या ज्यूंचा ओझरता उल्लेख येतो: त्यांना शब्बाथ (शनिवारची विश्रांती) आणि सुंता एवढेच ठाऊक आहे, असा. तो कोकणातल्यांबद्दलच असेल असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

दावीद रहाबीचेही तेच. विसरलेला धर्म पुन्हा शिकवणारा, आणि झिराडकर, राजपूरकर, शापूरकर या तीन घराण्यांना काजीपद देणारा गुरू म्हणून तो समाजाच्या आठवणीत आहे. परंपरा त्याला सुमारे हजार वर्षांपूर्वी नेते. अनेक इतिहासकार त्याला कोचीच्या रहाबी घराण्यातला, डच ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारात असलेला १८व्या शतकातला माणूस मानतात. दोन्ही मते दोन वाक्यांत सांगा आणि पुढे चला. गावपातळीवर कागदाने आणि दगडाने सिद्ध करता येईल असा काळ साधारण १७५० ते १९७० आहे. ही सव्वादोनशे वर्षेच आज निसटत आहेत.

पहिले काम आडनावांचे. बेने इस्रायलांची आडनावे गावांवरून पडली: किहिमचे किहिमकर, पेणचे पेणकर, झिराडचे झिराडकर, आवासचे आवासकर, पेझारीचे पेझारकर, अष्टमीचे अष्टमकर, वाकरूळचे वाकरूळकर. म्हणून आडनाव गावाकडे बोट दाखवते, पण दोन अटींवर. पहिली अट: आडनाव पडले तेव्हा कुटुंब ते गाव सोडून दुसरीकडे आलेले असते. रेवदंड्यातल्या दगडांवर पेणकर मिळणे स्वाभाविक आहे, आणि ‘पेणकर’ या नावाने पेणमध्येच शोधत बसणारा रिकाम्या हाताने परततो. दुसरी अट: हीच आडनावे इतर जातींतही आहेत. दिवेकर ज्यू आहेत तसे ब्राह्मणही आहेत. नुसत्या आडनावावरून जमिनीच्या उताऱ्यातला माणूस ज्यू ठरवू नका. स्वतःचे नाव आणि बापाचे नाव, दोन्ही पाहा.

नावेही जुन्या कागदांत मराठी पेहरावात येतात. सॅम्युएलचा समाजी, एझेकिएलचा हसाजी, अब्राहमचा अबाजी, आयझॅकचा इसाजी, मोझेसचा मुसाजी, डेव्हिडचा दाऊदजी, एलायजाचा एलोजी. मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ साली बांधणारे सॅम्युएल एझेकिएल दिवेकर हे समाजी हसाजी दिवेकर म्हणूनही ओळखले जातात. फक्त बायबलमधली नावे शोधणाऱ्याच्या हातून १८५० पूर्वीचे जवळजवळ सगळे निसटते. नंतरच्या काळात उलटा प्रकार होतो. पलटणीत, रेल्वेत, सरकारी कचेरीत ‘कर’ गळून पडला आणि बापाचे नावच आडनाव झाले. मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस हे मूळचे राजपूरकर. वरळीच्या रस्त्याच्या पाटीवर ते दिसत नाही. डॉ. जेरुशा झिराड यांच्या नावात मात्र गाव टिकले. तेव्हा प्रत्येक कुटुंबासाठी तीन रकाने करा: कागदावरचे नाव जसेच्या तसे, हिब्रू रूप, आणि आडनावाची सगळी रूपे. हा तक्ता पहिल्या दिवसापासून ठेवला नाही तर एकाच माणसाची तीन माणसे होतात.

गावांच्या नावांचा घोळ वेगळा. राजपूरकर दिसले की लोक रत्नागिरीतल्या राजापुराकडे धावतात. आधी जंजिऱ्यासमोरची राजपुरी तपासा. बोर्ली पंचतन आणि बोर्ली मांडला ही दोन गावे आहेत. नांदगाव म्हणजे मुरूडजवळचे, नाशिक जिल्ह्यातले नव्हे. दिवे नावाची गावेही एकाहून अधिक आहेत.

आता कागद. इथे सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो चुकीच्या दप्तरात शोधल्याने. आजचा रायगड जिल्हा एकोणिसाव्या शतकात एका राज्यकर्त्याच्या हाती नव्हता. अलिबाग आणि आसपासचा मुलूख आंग्र्यांचा होता, तो १८४० साली इंग्रजांकडे गेला. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हा भाग जंजिरा संस्थानात १९४८ पर्यंत राहिला. पनवेल १८८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, म्हणून पनवेलचे वर्णन १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये आहे आणि अलिबाग-पेणचे १८८३ च्या कुलाबा-जंजिरा खंडात. तुमचे गाव १७५०, १८२०, १८५० आणि १९०० साली कोणाच्या ताब्यात होते ते आधी एका चिठ्ठीवर लिहून काढा, मगच पुराभिलेखागारात जा. पेशवाईतले मोडी कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. इंग्रजी अमलातले मुंबईत, काळ्या घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. मोडी वाचता येत नसेल तर वाचणारा सोबत घ्या. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि शब्द तोडलेले नसतात, म्हणून अपरिचित नावे हमखास चुकीची वाचली जातात. नावांची यादी त्याला आधीच द्यावी.

कागदांत या लोकांना काय म्हटले आहे, हेही ठाऊक हवे. ‘ज्यू’ हा शब्द उशिरा येतो. त्याआधी बेने इस्रायल, बनी इस्रायल, इस्रायल, यहुदी, शनवार तेली, आणि कित्येकदा नुसते तेली. तेल गाळणे हा खेड्यांतला मुख्य धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. सोमवारी बैल न जुंपणारे हिंदू ते सोमवार तेली. सिनेगॉगला हे लोक मशीद म्हणत, धर्मकार्य करणाऱ्याला काजी, आणि हिब्रू पंचांगातल्या एलूल महिन्याच्या उपवासांना रमजान. त्यामुळे जुन्या नोंदीत ‘मशिदीस जागा’ किंवा ‘काजी’ दिसले की ती मुसलमानांची नोंद समजून पान उलटू नका. शेजारची नावे वाचा. उलट दिशेनेही सावध राहा: खरोखरची मशीद सिनेगॉग म्हणून छापली गेली तर गावात विनाकारण कटुता येते.

जमिनीचा माग नगर भूमापनाच्या मालमत्ता पत्रकापासून घ्या. आळीतल्या प्रत्येक घराचा सिटी सर्व्हे क्रमांक मिळवा आणि आजच्या मालकापासून एकेक फेरफार मागे जा. नगर भूमापन न झालेल्या गावात सातबारा आणि जुन्या फेरफार नोंदींची वही. खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात: ‘पूर्वेस अमक्या इस्रायलाचे घर’. चार-पाच खतांच्या चतुःसीमा एकमेकींना जोडल्या की आळीचा नकाशा उभा राहतो, ज्यांची स्वतःची खते हरवली त्यांच्यासकट. १९५० ते १९७० मधली विक्रीखते विशेष मोलाची, कारण परदेशी निघालेल्या माणसाने मुखत्यारपत्र कोणाला दिले, हिस्सेदार कोण होते, हे सगळे त्यात येते. इनाम जमीन असेल तर इनाम पत्रक पाहा. आंग्र्यांच्या आरमारात नाईक असलेल्या चुरीकर घराण्याला इनाम होते, आणि जंजिरा संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शालोम बापूजी इस्रायल कारभारी होते. सगळेच तेली होते हे चित्र एकांगी आहे. शेती होती, सुतारकाम होते, आणि इंग्रजी पलटणीतली सुभेदारी-जमादारी तर फार मोठ्या प्रमाणात होती. निवृत्त सुभेदार गावी परतला की विहीर, घर, सिनेगॉगची वर्गणी यांत त्याचे नाव दिसू लागते.

एक सूचना घाण्याबद्दल. परड्यात दगडी उखळ सापडले की ‘हा ज्यूंचा घाणा’ असे सांगितले जाते. दगडावरून धर्म कळत नाही. उखळ कोणाच्या परड्यात आहे आणि ते परडे १९०० साली कोणाच्या नावावर होते, एवढेच तुम्ही सांगू शकता.

घराच्या चौकटीवर मात्र खूण राहते. आत शिरताना उजव्या हाताच्या बाहीवर, उंचीच्या वरच्या तिसऱ्या भागात मेझुझा बसवतात: चर्मपत्राची गुंडाळी असलेली छोटी डबी, बहुधा तिरकी. घर विकताना ती काढून नेली तरी दोन खिळ्यांची भोके किंवा लाकडातली लहान खाच उरते. नवा रंग दिलेल्या चौकटीवर बाजूने विजेरी धरली तर ती दिसते.

सिनेगॉगची पाहणी करताना प्रवेशाजवळची पाटी आधी वाचा आणि तिच्यावर स्थापनेचे साल आहे की पुनर्बांधणीचे, ते वेगळे नोंदवा. अलिबागचे मागेन अबोथ १८४८ चे, पण आजची वास्तू १९१० ची. दोन याद्यांत दोन साले दिसतात ती यामुळे. रेवदंड्याचे बेथ एल १८४२, पनवेलचे बेथ एल १८४९, पेणचे बेथ हाएलोहीम १८६३. पोयनाड, अष्टमी, म्हसळा, नांदगाव, बोर्ली इथेही प्रार्थनालये झाली. या सालांकडे पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते: गावोगावची सिनेगॉगे मुंबईनंतरची आहेत. कोचीहून आलेले शिक्षक आणि मिशनऱ्यांच्या शाळा यांतून १८२० नंतर हिब्रूचे शिक्षण वाढले. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीभाषकांसाठी हिब्रूचे व्याकरण तयार केले. त्याआधी प्रार्थना घरात होत असे. तेव्हा ‘आमच्या गावचे सिनेगॉग पाचशे वर्षांचे’ असा दावा आला तर पाटी मागा.

वापर बदललेल्या इमारतीत मूळ सिनेगॉग ओळखायचे तर तीन गोष्टी एकत्र पाहा: जेरुसलेमच्या दिशेची म्हणजे पश्चिमेची भिंत आणि तिच्यात सेफेर तोरा (धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी) ठेवण्याचा हेखाल म्हणजे कोनाडा किंवा कपाट, दालनाच्या मध्यभागी कठडा असलेले व्यासपीठ, आणि स्त्रियांसाठी माडी किंवा स्वतंत्र जागा. केवळ पश्चिमेकडे तोंड ही खूण पुरेशी नाही, कारण कोकणातल्या मशिदीचा किब्लाही पश्चिमेलाच असतो. सुंतेच्या वेळी वापरायची एलियाहू हनाबीची (प्रेषित एलायजाची) खुर्ची कित्येकदा अडगळीत पडलेली असते; जळाऊ लाकडात जाण्याआधी तिची विचारपूस करा.

सिनेगॉगच्या वह्या मिळाल्या तर त्यातले हुद्दे असे: मुकादम म्हणजे प्रमुख, चौघुले त्याचे सहकारी, गबाई खजिनदार, हजान प्रार्थना चालवणारा, समाश सेवक. वर्गणीच्या वहीत कोण किती देतो यावरून कुटुंबांची स्थिती कळते, आणि मुंबई, पुणे, कराची, एडनहून आलेल्या वर्गण्यांवरून लोक कुठे गेले ते कळते. लग्नाच्या केतुबांच्या (विवाहकरारांच्या) नोंदीत दोन्ही बाजूंच्या बापांची नावे असतात. वंशावळीसाठी याहून चांगले साधन नाही. न्यासाची कागदपत्रे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानुसार नोंदलेली असतात. अनुसूचीच्या उताऱ्यात मिळकतींची यादी येते आणि विश्वस्तांच्या बदलांवरून शेवटची कुटुंबे कोणती ते उलगडते. जीर्ण पोथ्या किंवा सुटी पाने सापडली तर फेकू नका, जाळू नका, घरीही नेऊ नका. देवाचे नाव असलेला मजकूर विधिपूर्वक पुरला जातो. फोटो काढा आणि विश्वस्तांच्या स्वाधीन करा.

आता दफनभूमी. सगळ्यात जास्त माहिती इथेच असते आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. परवानगी विश्वस्तांकडून घ्या. न्यास बंद पडला असेल तर मुंबई-ठाण्याच्या सिनेगॉगमधून त्या गावच्या कुटुंबांचा पत्ता लागतो. शनिवारी आणि सणाच्या दिवशी जाऊ नका, डोके झाकलेले असू द्या, बाहेर पडताना हात धुवा. पावसाळ्यानंतर गवत कमरेइतके असते. काम डिसेंबर ते मार्चमध्ये बसवा. गवत कोयत्याने कापा, पेटवू नका: धग लागून दगडाचे पापुद्रे सुटतात आणि चुन्याचा गिलावा फुटतो.

आधी नकाशा, मग वाचन. फाटकापासून सुरुवात करून ओळी पाडा, प्रत्येक कबरीला क्रमांक द्या, कोरी कबर असली तरी. अक्षर नसलेल्या ओबडधोबड दगडांच्या कबरी बहुधा जुन्या असतात आणि याद्यांतून नेमक्या त्याच वगळल्या जातात. प्रत्येक क्रमांकाला मापे सेंटिमीटरमध्ये, दगडाचा प्रकार, लिपी, मजकूर ओळीनुसार, आणि किमान तीन फोटो: पूर्ण कबर, लेखाचा समोरून, लेखाचा तिरप्या उजेडात. तिरपा उजेड म्हणजे दगडाच्या जवळजवळ समांतर येणारा. भर दुपारी मोठ्या आरशाने ऊन वळवून तो मिळतो. दोघांची जोडी दिवसाला २५-३० दगड नीट करते. त्याहून वेग वाढला की ओळी गळू लागतात.

साफसफाईला साधे पाणी आणि मऊ ब्रश. तारेचा ब्रश, आम्ल, ब्लीच वर्ज्य. अक्षरांत खडू भरणे ही फार पसरलेली सवय आहे. खडू सूक्ष्म छिद्रांत बसतो, आणि शिवाय भरणारा आपल्याला वाटते ते अक्षर गिरवतो, मग पुढचा वाचणारा तीच चूक वाचतो. खोबरेल चोळून अक्षर उठवणेही तितकेच वाईट, त्यावर धूळ आणि बुरशी धरते.

हिब्रू साल वाचणे अवघड नाही, फक्त नियम पक्के हवेत. अक्षरांना किमती आहेत: आलेफ १ पासून योद १० पर्यंत एकेक, मग काफ २०, लामेद ३०, मेम ४०, नून ५०, सामेख ६०, आयिन ७०, पे ८०, त्सादी ९०, कोफ १००, रेश २००, शिन ३००, ताव ४००. दगडावर हजाराचा ५ बहुधा लिहीत नाहीत. समजा ताव-रेश-काफ-हे आहे: ४००+२००+२०+५ = ६२५, म्हणजे ५६२५. त्यातून ३७६० वजा केले की १८६५. पण हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होते, म्हणून तिश्री, हेश्वान, किस्लेव या महिन्यांसाठी ३७६१ वजा करा, म्हणजे १८६४. किस्लेवचा अखेर आणि तेवेत यांत इंग्रजी वर्ष बदलते. तिथे पंचांगातून तारीख ताडून घ्या. तारीख सूर्यास्ताला बदलते, त्यामुळे त्याच दगडावरची इंग्रजी आणि हिब्रू तारीख एक दिवसाने वेगळी असली तर ती कोरणाऱ्याची चूक असेलच असे नाही. १५ आणि १६ तारखा योद-हे, योद-वाव अशा लिहीत नाहीत. ९+६ आणि ९+७ अशा लिहितात.

झटपट ओळखीसाठी: साल ताव-रेशने सुरू झाले तर साधारण १८३९ ते १९३९, ताव-शिन असेल तर १९३९ नंतरचे, ताव-कोफ असेल तर १८३९ पूर्वीचे, आणि मग वाचन दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घ्याच. झिजलेल्या दगडावर दालेत आणि रेश (४ आणि २००), हे आणि हेत (५ आणि ८), बेत आणि काफ (२ आणि २०), वाव आणि झायिन (६ आणि ७) यांची गल्लत होते.

सगळ्यात फसवी चूक वेगळीच आहे. लेखाच्या शेवटी पाच अक्षरे असतात, ताव-नून-त्सादी-बेत-हे. मृताच्या आत्म्यासाठीच्या प्रार्थनेची ती आद्याक्षरे. बेरीज होते ५४७. नवशिका त्याचे ५५४७ करतो आणि १७८७ सालची कबर जाहीर करतो. तसेच वरची पे-नून ही दोन अक्षरे ‘इथे विसावला आहे’ या अर्थाची, तीही साल नव्हेत. एकाच दफनभूमीत १७८७ च्या अनेक कबरी निघाल्या तर यादी पुन्हा तपासा.

मराठी मजकुरात शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुन अखेर ७९. दोन सनावळ्या एकत्र असल्या की काळ अरुंद होतो: शके १७८९ आणि हिब्रू ५६२८ एकाच दगडावर असतील तर मृत्यू सप्टेंबर १८६७ अखेर ते मार्च १८६८ मधलाच. कबरीवर आशीर्वाद देणारे दोन पंजे कोरलेले दिसले तर ते कोहेन घराण्याचे चिन्ह. बेने इस्रायलांत परंपरेने कोहेन नाहीत, म्हणून ती व्यक्ती कोची किंवा बगदादी ज्यू असण्याची शक्यता तपासा.

गावे ओस का पडली, हा प्रश्न वाचक विचारणारच, आणि ‘सगळे इस्रायलला गेले’ हे उत्तर अपुरे आहे. पहिली ओढ मुंबईची, अठराव्या शतकाच्या मध्यापासून. मग पलटण, रेल्वे, टपाल, शाळा. १८७५ मध्ये किहिमकरांनी मुंबईत समाजाची शाळा सुरू केली आणि मुले शिकायला तिकडे राहू लागली. गिरणीच्या तेलाने घाणा बसला. त्यानंतर १९४८ ची इस्रायलची स्थापना. पण गाव रिकामे होण्याची एक अंतर्गत यंत्रणाही आहे. सार्वजनिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. नऊ उरले की तोरावाचन थांबते. हजान बहुधा प्रार्थना चालवतो, जनावर धर्मविधीने कापतो आणि कधी सुंताही करतो. तो गेला की मांस गेले, सण गेले, लग्न गावात होईना. मग राहिलेली पाच-सहा घरे दहा वर्षांत निघतात, मग कारण नोकरीचे सांगोत की मुलांचे. तुमच्या गावचा शेवटचा हजान कोणत्या साली गेला ते शोधा. आळी रिकामी होण्याचा क्रम त्या सालानंतर लागतो. सेफेर तोरा कोणत्या सिनेगॉगला दिले हेही विचारा, ती नोंद दुसऱ्या टोकाला मिळते.

गेलेले लोक नाहीसे झालेले नाहीत. दिमोना, बेरशेबा, अश्दोद, रामला, लोद इथे रायगडची घराणी आहेत, ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक त्यांनीच चालवले. त्यांच्याशी बोलताना प्रश्न ठोस ठेवा: घर विहिरीच्या कोणत्या बाजूला, शेजारी कोण, मलिद्याच्या नैवेद्याला पोहे कोणाच्या दुकानातून, अलिबागजवळच्या खांडाळ्याला एलियाहू हनाबीच्या टाप्यावर, म्हणजे त्याच्या नावाच्या पवित्र ठिकाणी, बैलगाडी कोणत्या वाटेने. सणांची मराठी नावे विचारा. नव्याचा सण, दार फाळणीचा सण, खिरीचा सण, अनाशी ढाकण्याचा सण, बिरड्याचा सण ही नावे पन्नाशीच्या आतल्या पिढीला क्वचित ठाऊक आहेत, आणि प्रत्येक गावची रीत थोडी वेगळी होती.

दोन नाजूक विषय. समाजात गोरा इस्रायल आणि काळा इस्रायल असा भेद होता, रोटीबेटी वेगळी होती. तो इतिहासात लिहावा, लपवू नये. पण कोणते हयात कुटुंब कोणत्या बाजूचे हे छापू नये. तसेच इस्रायलमध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली गेली, त्याविरुद्ध त्यांनी झगडा दिला आणि १९६४ मध्ये ते सर्वार्थाने ज्यू आहेत हे मान्य झाले. म्हणून ‘हे खरे ज्यू का?’ असा प्रश्न गावच्या पुस्तकात उगाच उभा करू नका. त्यामागे लोकांनी भोगलेले बरेच आहे.

छापताना सिनेगॉगमधल्या चांदीच्या वस्तूंचे फोटो आणि त्या ठेवण्याची जागा उघड करू नका. वाचलेला मजकूर आणि तुमचा तर्क वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा, शंकेच्या अक्षराला प्रश्नचिन्ह द्या. एक प्रत विश्वस्तांना, एक तालुक्याच्या ग्रंथालयाला, एक मिळालेल्या कुटुंबांना द्या. आणि कामाचा क्रम असा: चुन्याच्या गिलाव्यात कोरलेले आणि रंगाने लिहिलेले लेख पहिल्या थंडीतच उरकून घ्या, ते एकेका पावसाळ्यात जातात. त्यानंतर संगमरवरी पाट्या, विशेषतः शिशाची अक्षरे बसवलेल्या, कारण शिसे लोक उचकटून नेतात. काळ्या दगडावरचे लेख पुढच्या वर्षीपर्यंत थांबू शकतात.